पाहुणी

कुंदाताई कुणाच्याही घरी गेल्या की चहाचा पहिला घोट घ्यायच्या आणि विचारायच्या, संडासले साफ होते का, रक्तगिक्त तर पडत नाही? समोर पोह्यांची बशी असो की नवा जावई, त्यांना फरक पडत नसे. आमच्या तिरोड्याकडच्या गावांत त्यांचं नाव पडलं होतं पोटवाली बाई. त्यांना ते ठाऊक होतं. फोन केला की स्वतःच सांगायच्या, "पोटवाली बोलून राहिली."

कुंदाताई जनुकशास्त्रज्ञ होत्या. एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या आतड्याचा कॅन्सर का होतो, हा त्यांचा अभ्यास. नोकरी नागपूरच्या प्रयोगशाळेत, जन्म मात्र आमच्यासारख्याच पोवार शेतकऱ्याच्या घरातला. लग्न केलं नाही. सुट्टी मिळाली की रक्ताच्या नळ्यांसाठी बर्फाचा डबा घेऊन एसटीने यायच्या आणि पोटाच्या दुखण्याने माणसं गेलेल्या घरात ठाण मांडून बसायच्या. आमच्याकडे आजोबा पोटानेच गेले, मग माझे बाबा, तेही पन्नाशीच्या आत. गाव म्हणे, या घराले नजर लागली. या बोलण्याचा कुंदाताईंना भारी राग. पर्समधून नाणं काढून त्या उडवायच्या आणि सांगायच्या की बिघडलेला जनुक बापाकडून लेकराला येतो की नाही, ते असं, चित नाही तर पट.

त्या दिवशी मी माहेरी आले होते. ओसरीवर कुंदाताई मोठा कागद पसरून आमची वंशावळ काढत होत्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. काका सांगत होते. माझ्या दोन्ही भावांचे चौकोन काढून, रक्तही घेऊन झालं होतं. मी चहा नेला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, ही कोण?

"हे पाहुणी हाये जी," काका म्हणाले. "भावाची पोरगी. सडक अर्जुनीले देल्ली."

काकांचं काही चुकलं नव्हतं. दिलेली मुलगी माहेरी आली की पाहुणीच. कुंदाताईंनी मात्र कप खाली ठेवला आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यावरचे सगळे गोल सुनांचे होते, लेकीचा एकही नव्हता. घरची माणसं सांगा, असं त्या विचारायच्या, आणि लोक बिचारे इमानाने घरचीच सांगायचे. इतकी वर्षं गावोगाव हेच झालं होतं. बाहेरच्या एखाद्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, मुली किती? "मी इथलीच ना," त्या नंतर मला म्हणाल्या, "मलेही पाहुणी म्हणजे पाहुणीच वाटली."

तेव्हा मात्र त्या काकांकडे वळल्या. "पोरगी देल्ली, काकाजी. पोट कोणाले देल्लं?"

मग मला तिथेच बसवून त्यांनी माझं रक्त घेतलं.

भावांचा रिपोर्ट साफ आला. माझा नाही. खरं सांगते, मला त्या बाईचा संताप आला. चांगली हिंडतीफिरती मी, पोरगी एवढीशी, आणि ही येऊन बाबांचं दुखणं माझ्या अंगात दाखवून गेली! आतड्याची दुर्बिणीने तपासणी करा म्हणाल्या, तर सासूबाई म्हणाल्या, बऱ्या माणसाले दवाखाना कायले? कुंदाताई सडक अर्जुनीला आल्या, सासूबाईंसोबत लाखोळीची भाजी निवडत बसल्या. "आजारी पडल्यावर त सारेच नेतेत, मावशी," त्या म्हणाल्या. "बरी हाये तवाच न्या."

शेवटी सासूबाईच माझ्यासोबत नागपूरला आल्या. आतड्यात दोन गाठी निघाल्या, अजून कॅन्सर न झालेल्या. काढल्या. तेव्हापासून दरवर्षी तपासणी, आणि मी आहे ती अशी आहे.

पण मला नवल वाटतं ते पुढचं. कुंदाताईंनी आपल्या क्षेत्रातल्या मोठमोठ्या माणसांसमोर उभं राहून सांगितलं की आपले आजवरचे कागद अर्धेच आहेत. मग पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. तुमच्या पाहुण्या कुठं कुठं देल्ल्या, एवढंच विचारायच्या आणि तिथे जायच्या, आमगावला, गोरेगावला, पार बालाघाटकडे. लोक हसायचे, बाई आता पाहुण्या शोधून राहिली. त्या पण हसायच्या आणि पुढची एसटी धरायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्या अचानक गेल्या, हृदयविकाराने. त्यांना गावी भावाकडे आणलं. मी मुलीला घेऊन गेले. ती आता कॉलेजात आहे, तिचं रक्त कुंदाताईंनीच तपासलं होतं, साफ निघालं. अंगण बायकांनी भरलेलं. एकीलाही घरचं कुणी ओळखत नव्हतं, आम्हीही एकमेकींना ओळखत नव्हतो, तरी बघता क्षणी कळलं, यांनाही कुंदाताईंनीच शोधलेलं. शेजारची बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तुमची दुर्बीण कधी असते?

कुंदाताईंचा म्हातारा भाऊ गोंधळून गेला होता. माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "तुम्ही साऱ्या कोणाकडच्या पाहुण्या जी?"

मीही हात जोडले. म्हटलं, "पाहुण्या नाही जी. घरच्याच."