डाव्या गालाचं रीडिंग

नाशिक रोडच्या एका कॉलेजात सहादू सव्वीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होता. शिक्षण नववी नापास, पण केसाएवढ्या काचेच्या तंतूचं टोक घासावं तर त्यानंच. बारीक कागदावर आठाचा आकडा गिरवत तो ते असं घासायचा, की सूक्ष्मदर्शकाखालीही ओरखडा सापडू नये. पीएचडीची पोरं त्याच्यापुढं हात टेकायची.

संजना मॅडमचं संशोधन त्या तंतूंवरच चालायचं. तंतूतून निळा उजेड गालाच्या आत सोडायचा आणि परत येणाऱ्या उजेडाचा आलेख काढायचा. निरोगी गालात आलेख उंच चढे. कॅन्सर धरू लागलेल्या जागी तो बसे. सगळं अजून प्रयोगाच्याच पायरीवर होतं. तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती, तर सहादूनं बायकोचं नाव दिलं.

"आमच्या सुलाला कधी साधा ताप नाय आला," तो ऐटीत म्हणाला.

फाल्गुनात सुलाबाई आली. जन्मभर मिश्री लावणारी बाई. परक्यांसमोर तोंड उघडायचं म्हणून लाजेनं अर्धी झालेली. उजव्या गालाचा आलेख झोकात चढला. डाव्या गालाचा मात्र उठेचना.

"मिश्री लागली असंल माझी," ती पुटपुटली.

"मामा, परत एकदा घेऊ," मॅडम म्हणाल्या.

सहादूला वाटलं, हिचा दात लागून टोकाला चीर गेली. आपलं टोक खराब निघावं, तेही आपल्याच बायकोमुळं, याची त्याला पोरांसमोर लाज वाटली. एरवी प्रत्येक टोक तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्या दिवशी न बघताच त्यानं ते कापून टाकलं.

"राहू द्या मॅडम, टोक गेलंय. नवं करायला तास लागंल, आन् तिला निफाडला हळदीला जायचंय."

सुलाबाईला पडत्या फळाची आज्ञा. ती पदर सावरत निघाली. मॅडमनी वहीतल्या त्या रीडिंगवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'टोक खराब'.

पुढं तिला तिखट सोसेना. उष्णतेनं तोंड आलंय म्हणत ती ताक पीत राहिली. दिवाळीत गाल सुजला, तेव्हा कुठं डॉक्टर गाठला. डाव्या गालाचा कॅन्सर, मानेपर्यंत उतरलेला. माघात सुलाबाई गेली. दिव्याखाली अंधार ही म्हण वापरून वापरून झिजलेली, पण सहादूच्या घरात ती खरी झाली.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला. मॅडम लेखासाठी रीडिंग्ज निवडत होत्या. त्यानं वही ओढून काट मारलेली ओळ काढली.

"मॅडम, ह्याच टोकानं पाच मिनिटं आधी उजवा गाल नीट दावला. आन् डावीकडच्या दाढा तिनं कवाच काढलेल्या. दात लागंल कुठून? सत्तावीस वर्षं समोर बसून जेवलो, तरी मला ते आठवलं नाय."

"मामा, एका रीडिंगवरून तेव्हा कुणालाच काही सांगता आलं नसतं."

"डॉक्टरकडं जा, एवढं तर सांगता आलं असतं."

सहादूनं मॅडमच्या हातातलं पेन घेतलं, 'टोक खराब' खोडलं आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'टोक चांगलं होतं'. मग वही त्यांच्यापुढं सरकवून तो म्हणाला,

"आता हिला आजारी माणसांच्या यादीत घ्या."