माहिती घेऊन सांगतो

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी वहिनीला डायलिसिससाठी घेऊन गेले होते. मशीन पुन्हा बंद होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर विधान परिषदेत सभागृहाच्या सुधारणेवर, सदस्य निवडून यावेत की नेमावेत यावर, तावातावाने भाषणं चालली होती. मध्येच एका सदस्याने बंद मशीनांबद्दल विचारलं. मंत्री उठले, "माहिती घेऊन सांगतो," म्हणाले आणि बसले. कोणी पुन्हा विचारलं नाही.

सुजलेले पाय बाकावर ओढून घेत वहिनी म्हणाली, "माहिती घ्यायला इथं या म्हणावं. मी इथंच बसलेय."

माझं डोकं भणभणलं. सदस्य निवडा नाहीतर नेमा. उत्तर दिल्याशिवाय मंत्र्याला खाली बसू न देणारं सभागृह हवं, नाहीतर त्या सभागृहालाच कुलूप लावा.

आम्ही जिल्ह्याची एसटी धरली. वाटेत वहिनीला झोप लागली. दर थांब्याला मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते.