आवळून धरायचा उखाणा

माझ्या चुलत सासूबाईंसारखी मोठ्यानं हसणारी बाई अख्ख्या जुन्नर तालुक्यात सापडायची नाही. नारायणगावच्या बाजारात काकी टोमॅटो विकायला उभ्या राहून हसल्या की पलीकडचा भाव पुकारणारा आकडा विसरायचा. लाज म्हणून नाही. नव्या जावयाला भर पंगतीत 'पोट साफ होतं ना?' असं विचारणारी ही बाई. अशा काकी मध्यंतरी हसायच्याच बंद झाल्या. कुणी गंमत सांगू लागलं की उठून जायच्या, शिंक आली की पायाला पाय आवळायच्या. तळेघरच्या लेकीकडे जाणंही सोडलं. नातीला नुकतेच दिवस गेले होते, तिच्या डोहाळजेवणालासुद्धा आतापासूनच नाही म्हणाल्या, तेव्हा मी खनपटीलाच बसले.

"हसलं की लुगडं भिजतंय, पोरी. त्या जीपच्या खड्ड्यांत तर पाटच सुटंल."

ओढून फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आधी ऑपरेशनचं नाव नको. लघवी अडवताना आवळतो ते स्नायू आवळा, दहा मोजेपर्यंत धरा, सोडा, पण श्वास कोंडू नका. काकींना मोजणं जमेना. आकडे म्हटले की त्यांचं मन टोमॅटोच्या क्रेटवर जायचं. शेवटी त्यांनीच तोड काढली. आवळायचं, पुटपुटत एक उखाणा घ्यायचा आणि सोडायचं. 'नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला भाव, सगळ्यांच्या आग्रहाखातर घेते सखारामरावांचं नाव.' डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या, पण चालेल म्हणाल्या.

मग काय, भाजी निवडताना उखाणा, बाजारात गिऱ्हाइकासमोर उखाणा. ओझरला गणपतीच्या रांगेत पुढच्या अनोळखी बाईला ठसका लागला, तर काकी तिच्या कानात म्हणाल्या, "खोकायच्या आदी आवळायचं, बाई." ती दर्शन न घेताच सटकली. तीन-चार महिन्यांत फरक पडला आणि आम्ही जीपनं तळेघरला निघालो. खड्डा दिसला की काकींचे ओठ हलायचे. शेजारच्या आजींनी विचारलं, "लगीन कुनाचं हाय वो?"

डोहाळजेवणाला काकी पूर्वीसारख्या हसल्या, लुगडं कोरडं राहिलं. मग बायकांनी एकेकीला नाव घ्यायला लावलं. काकींपाशी आल्यावर मात्र बायका झटकन पुढच्या सुनेकडे वळल्या. विधवेला कोण विचारतं? मला राग आला. बघते तर काकींचे ओठ हलत होते.

"आता बऱ्या आहात ना काकी? इथंही व्यायाम?" मी हळूच विचारलं.

"ह्ये गेल्यापास्नं मला कुनी नाव घ्यायला सांगितलं न्हवतं," त्या नातीकडे बघत म्हणाल्या. "त्या डॉक्टरणीनंच काय ते घेऊ दिलं. आता कशाला सोडू?"