खालाची चौकशी

चिकलठाण्याला आमच्या गल्लीत टँकर आला की पाइप टाकीत जायच्या आधी खाला ड्रायव्हरसमोर उभी. "गाव कोणतं? मामाचं गाव कोणतं? पानी कोणाच्या विहिरीचं?" दुष्काळ पडलेला, विहिरी दादालोकांनी धरलेल्या, टँकरमध्ये काय भरून आणतील नेम नाही. ड्रायव्हर वैतागायचा, "खाला, पाणी घेताय का सोयरीक करताय?" ही म्हणायची, "दोन्ही घरातच येतंय की रे!"

खाला माझी शेजारीण. माझ्यावर तरी कुठं विश्वास होता तिचा! माझ्या हातचा चहा आधी मलाच प्यायला लावायची आणि वर हसायची, "साखर बघ गं."

त्याच वर्षी पाण्यावाचून कंपन्यांच्या पाळ्या बंद पडल्या. माझा मुलगा विनोद घरी बसला, तिचा भाचा इरफानही. दोघांना औरंगपुऱ्यात एजंट भेटला. थायलंडला कॉम्प्युटरचं काम, राहणं-खाणं फुकट. खाला एसटीनं पैठणला, एजंटच्या आजोळी जाऊन आली. घराणं सोन्यासारखं निघालं. मी तर पेढे आणायला निघाले, बरं का, तर ही म्हणते, "थांब. त्यानं आपल्या पोरांना काय विचारलं?"

"काहीच नाही. लगेच हो म्हणाला."

"पोरगी न बघता हो म्हणणारं स्थळ तू करशील? नक्को."

विनोद रागावला, पण राहिला. इरफान म्हणाला, "खाला, तू तर सावलीलापण गाव विचारतीस," आणि गेला.

थायलंडच्या विमानतळावरून त्याला गाडीत घालून सरहद्दीपलीकडं नेलं, हे आम्हाला तिथून सुटलेल्या एका पोरानं सांगितलं. तिकडं लढाई चाललेली, राज्य बंदूकवाल्यांचं. पोरांना तारेच्या कुंपणात कोंडायचं आणि त्यांच्याच तोंडून आपल्या लोकांना फोनवर लुबाडायचं. एजंटच्या ऑफिसला तोवर कुलूप. खालानं किती दारं ठोठावली!

मग एकदा फोन आला. मी जवळच होते. आवाज इरफानचा, पण वाचून दाखवल्यासारखा, "मॅडम, तुमचं खातं बंद होणार आहे." हिचाच नंबर त्यानं कसा लावला, देव जाणे. खाला हळूच म्हणाली, "बेटा, बाजूला कुनी हाय?"

"हो, मॅडम."

"जेवलास?"

"नाही, मॅडम." फोन तुटला.

तेव्हापासून अनोळखी नंबर तिनं एकही सोडला नाही. कर्जवाला असो, लॉटरीवाला असो, ही विचारायची, "बेटा, जेवलास का?" काही शिव्या द्यायचे. एखादा मात्र नुसताच गप्प राहायचा, मग तीही फोन ठेवायची नाही.

खाला गेली. इरफान अजून आलेला नाही. तिचा नंबर आम्ही बंद होऊ दिला नाही. रिचार्ज विनोद करतो, फोन मी उचलते.