ताटाचा आवाज

आज लेकीच्या हातून स्टीलचं ताट पडलं आणि मी मनानं सावंगीच्या कॉलेजच्या मेसमध्ये जाऊन पोचले.

तेव्हा मी नर्सिंगला होते. समोर बसलेल्या सुधीरचं ताट निसटून फरशीवर घणघणलं आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. आमच्याकडे बाबा चिडले की भरलं ताट आईवर भिरकावत. मेसमधले सगळे हसले. सुधीर मात्र खाली बसून वरण पुसत हळूच म्हणाला, "घाबरू नको. मी काई नाई विचारत तुले." त्यानं पाहिलं, याचीच तेव्हा लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तो ताट दोन्ही हातांनी, अलगद ठेवू लागला. आमच्या लग्नानंतरही तसंच ठेवतो.

लेक खळखळून हसत होती. ताट पडलं की घाबरायचं असतं, हे तिला या घरात कुणी शिकवलंच नाही.