तारेखालचा 'रे'
परवा देवगडच्या बंदरात एका होडीच्या इंजिनातून डिझेलचा वास आला आणि मला सासऱ्यांचा आंबे काढायचा झेला आठवला. आमची आंब्याची बाग रुळांपलीकडे. इतकी वर्षं गाडी डिझेलवर धावायची. धडधड ऐकू आली की आम्ही थांबायचो, ती गेली की रूळ ओलांडायचो. मग वर तारा आल्या. त्यांत वीज सोडल्याची पाटी लागली त्याच आठवड्यात, दवाने भिजलेल्या सकाळी, सासरे झेल्याचा तो लांब बांबू उभा धरून पुढे निघाले. टोकाला जाळी आणि लोखंडी पातं. मी मागून म्हटलं, "मामांनू, वर तारेत करंट आसा." ते न थांबता म्हणाले, "गाडी खंय आसा? गाडीच नाय तर करंट खंयसून येतलो?" त्यांच्या लेखी ताकद इंजिनाच्या पोटात असायची आणि इंजिनाबरोबरच निघून जायची. ते खडीवर चढले. पातं तारेपासून हातभर राहिलं. तार गप्प होती; ना वास, ना धडधड. त्यांना 'मामांनू'शिवाय कधी हाक न मारलेली मी जिवाच्या आकांताने किंचाळले, "टाक रे तो बांबू!" दचकून त्यांनी तो मागे टाकला. झेला माझ्या पायाशी आपटला आणि मी तो दोन्ही हातांनी गवतात आडवा दाबून धरला. दुपारी जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "आज सुनेन माका 'रे' म्हटल्यान, म्हणान जेवक बसलंय." हसले ते एकटेच. आता झेला आम्ही आडवा नेतो. तरीही त्या तारेखालून जाताना पुढच्या माणसाच्या हातांकडे बघत, तो 'रे' घशात तयार ठेवूनच मी चालते.