जरिनाचाची बसून सांगते तेव्हा

इंदापुरात एक वावडी उठली होती, की जरिनाचाचीच्या सायकलची बॅटरी जिथं बसते तिथं ती इतिहास सांगते. म्हणजे ई-सायकलींवरून पाहुणे शहर बघायला निघाले, की मध्येच हिची बॅटरी मान टाकणार, ही खाली उतरणार आणि समोर जे असेल, पडकी भिंत असो नाहीतर उसाच्या रसाचं दुकान, त्याकडे बोट दाखवून म्हणणार, "मंडळी, हे लई जुनं हाय." ही वावडी स्टँडसमोरच्या रिक्षावाल्यांची. त्यातला एक तर तिचा आवाजही काढायचा, पण त्याला तो जमत नव्हता. तो 'हाय' म्हणताना सूर वर न्यायचा. चाचीचा 'हाय' खाली बसतो, भरलेली घागर सावकाश ठेवावी तसा.

खरी गोष्ट उलटी आहे. चाचीची बॅटरी कधीच बसत नाही, कारण चाची ती कधी चालूच करत नाही. संध्याकाळी आठही निळ्या सायकली चार्जिंगला लागतात, तेव्हा सात जणींच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि चाचीची सकाळी निघाली तशी भरल्या पोटी परत आलेली असते. तरी ती तिलाही लावते. "एकटीलाच न्हाय लावली तर वाईट वाटंल तिला," म्हणते.

जरिना तांबोळी तीस वर्षं नवऱ्याच्या सायकल दुकानात होती. रमजानचाचा दुरुस्ती करायचे आणि दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची ती. एका सायकलवर स्वतः बसायची, दुसरीचं हँडल डाव्या हातात धरायची आणि दोन्ही घेऊन चढ चढायची. तीस वर्षांत तिनं गिऱ्हाइकांशी जे बोलणं केलं ते एका वाक्यात मावेल: "हवा का पंक्चर?" मग रमजानचाचांचे गुडघे गेले, दुकानाला कुलूप लागलं आणि तेवढंही बोलणं थांबलं.

अशात बारामतीच्या एका कंपनीनं आठ ई-सायकली इंदापुरात आणल्या. रविवारी पाहुण्यांना जुनं शहर दाखवायचं, तीन महिने चालवून बघायचं. चाललं तर सायकली इथं राहणार, नाहीतर दुसऱ्या गावाला जाणार. गाईड शोधायला बारामतीच्या ऑफिसातून आनंद आला. हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राइट?' म्हणतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

"मॅडम, तुमचं क्वालिफिकेशन काय, राइट?"

"पंक्चर," चाची म्हणाली.

आनंद हसला. पण मुलाखतीला आलेल्या बाकी दोघा पदवीधरांना चढावर सायकल ओढवेना, म्हणून काम चाचीला मिळालं. पहिल्या रविवारी ती घरी आली तेव्हा रमजानचाचांनी विचारलं, "दमलीस का गं?" तिनं टोपी काढली, खुंटीला लावली आणि नुसतं म्हणाली, "ऐकलं त्यांनी." चाचांना कळलं, की हे काम आता हिच्या हातून जाता कामा नये. तिला तर ते आधीच कळलं होतं.

चाचीची सांगायची एक रीत आहे. डोळ्यांनी बघितलेलं किंवा कुठं लिहिलेलं असेल ते ती उभं राहून सांगते. ऐकीव असेल तर बसते. पायरीवर, दगडावर, काही नसेल तर सायकलच्या सीटवर. आणि ठाऊक नसेल तर चालायला लागते. इंद्रेश्वराच्या देवळापाशी ती पायरीवर टेकते: "याच्यावरनं गावाला इंदापूर नाव पडलं म्हणत्यात." गढीपाशी उभी राहते: "ही मालोजीराजांची गढी. शिवाजी महाराजांचे आजोबा. हितल्या लढाईत पडले." कुणी साल विचारलं, तर: "एका पुस्तकात एक लिवलंय, दुसऱ्यात दुसरं. पुस्तकवाल्यांचं जुळलं की मी सांगते." तिसऱ्या रविवारपर्यंत पाहुण्यांनाही सवय झाली. चाची बसली की तेही कान जरा सैल सोडायचे.

ही रीत आली कुठून, तर पाण्यातून. चाचीचं माहेर उजनीच्या धरणात गेलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. पुढं कितीतरी वर्षांनी ती नणंदेबरोबर भिगवणला रोहित पक्षी बघायला गेली. नावाडी पोरगा तोंडाळ. पाण्यातून वर आलेल्या एका भिंतीकडे वल्हं दाखवून म्हणाला, "ह्याच्या खाली सरदाराचं तळघर हाय. सोन्यानं भरलेलं. रात्री चकाकतं." नावेतल्या सगळ्यांनी माना वाकवून पाण्यात बघितलं. चाचीनंही बघितलं. ती भिंत तिच्या घराची होती. खाली दोन शेळ्या बांधायची जागा होती, जातं होतं आणि ज्वारीचं पेव होतं. सोन्याचं नाव नव्हतं. तिनं नावाड्याच्या हातावर ठरलेले पैसे ठेवले. पण घरी येताना नणंदेला म्हणाली, "घर एकदा पाण्यानं नेलं. आता हे पोरगं दर खेपंला नेतंय."

तर अशा बाईच्या हातात आनंदनं एक रंगीत कागद दिला. त्यावर तिनं काय बोलायचं ते छापलेलं होतं. गढीच्या नावाखाली लिहिलं होतं: इथून थेट भीमा नदीपर्यंत गुप्त भुयार, आतून घोडेस्वार जात.

"हे कुणी बगितलंय?" चाचीनं विचारलं.

"चाची, बघायचं काय त्यात? हे फील आहे. लोकांना मिस्टरी लागते, राइट? रविवारी पुण्याहून राजनंदिनी मॅडम येणार आहेत. त्याच ठरवणार, सायकली ठेवायच्या का न्यायच्या. एवढं एक वाक्य म्हणा. प्लीज."

चाचीनं कागदाची नीट चौघडी केली आणि टोपीत ठेवली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. शनिवारी तिनं टोपी धुतली, तेव्हा कागद काढून रमजानचाचांच्या उशाशी ठेवला. चाचांनी तो वाचला.

"म्हणून टाक की. कुणाचं काय जातंय?"

"तुमी ट्यूब फुटकी असताना कधी नुसती हवा भरून दिली का गिऱ्हाइकाला?"

चाचांनी कागदाची परत चौघडी केली. मग हळूच म्हणाले, "सायकली जातील, जरिना."

"ते ठाऊक हाय."

रविवारी सकाळी सातला आठ सायकली निघाल्या. चाची पुढं, तिच्यामागं राजनंदिनी मॅडम, मग पाच पाहुणे आणि शेवटी आनंद. राजनंदिनी मॅडम कमी बोलणाऱ्या. हेल्मेटचा पट्टा बांधतानाही आवाज न करणाऱ्या. पाहुण्यांत पुण्याचे एक काका होते, ते आनंदनं पाहुण्यांनाही मोबाईलवर धाडलेला तो कागद वाचूनच आले होते. त्यांच्याकडे टॉर्च होती. साधी नव्हे, दंडाएवढी.

इंद्रेश्वर झालं. दर्ग्यापाशी चाचीनं सगळ्यांना चपला काढून पाच मिनिटं सावलीत बसवलं आणि काहीच सांगितलं नाही. एक बाई म्हणाल्या, "इथं किती बरं वाटतंय हो." चाची म्हणाली, "एवढंच दाखवायचं होतं." मॅडमनी मोबाईलमध्ये काहीतरी टिपलं. मागून आनंदनं ते वाचायला मान लांब केली.

गढी आली. चाची सायकलवरून उतरली, उभी राहिली, मालोजीराजांचं सांगून झालं. काकांनी टॉर्च पुढं केली.

"भुयाराचं तोंड कुठल्या बाजूला?"

आनंद खोकला. मग मॅडमच्या पाठीमागून त्यानं भुवया इतक्या वर नेल्या की हेल्मेट हललं. चाचीनं सीटवर हात ठेवला. बसायला सीट होती. बसून 'म्हणत्यात' म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुणी तिला खोटं म्हटलं नसतं. पण म्हणतंय कोण, तर हा कागद. तिनं ओळीनं लावलेल्या आठ निळ्या सायकलींकडे बघितलं.

"मला ठाऊक न्हाय," ती म्हणाली आणि चालायला लागली.

"ठाऊक न्हाय कसं?" गढीच्या कट्ट्यावरून तोफ उडावी तसा आवाज आला. हे हिंदुरावआबा. जन्मभर सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात यंत्राशेजारी नोकरी केलेले, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंही दोन गल्ल्यांना ऐकू जातं. रिटायर होऊन गावी आल्यापासून ते रोज त्या कट्ट्यावर असतात. "माझा आज्जा सोता उतरलाय त्याच्यात! ह्या पोराला मीच सांगितलं की परवा, च्या पिता पिता!"

सगळ्यांनी आनंदकडे बघितलं. आनंदनं गढीकडे बघितलं.

चाची थांबली. "आबा, कसं उतरले सांगा बरं."

"कसं म्हंजी? वरचा धोंडा काढला. कमरंला दोर बांधला. आदी कंदील सोडला खाली. कंदील इजला!"

पाहुणे सरसावले.

"मग?"

"मग दोन रोज तोंड उघडं ठिवलं. परत कंदील सोडला. तवा ऱ्हायला. मग उतरला गडी. दोन पुरुष खोल!"

"आत वास होता का?"

"वास? डोकं धरणारा! आंबूस."

"आन् भिंती?"

"भिंती गोल. अशा..." आबांनी दोन्ही हातांनी हवेत घागर काढली आणि हात तसेच राहिले. आवाज निम्म्यावर आला. "वर तोंड बारीक, खाली पोट मोठं."

"भीमेकडं कुठल्या अंगानं गेले मग?"

आबांनी हात खाली घेतले. "न्हाय गेला. तेवढ्यात जेवायची येळ झाली."

आता चाची बसली. कट्ट्यावर, आबांच्या शेजारी. "मंडळी, हे आबांचं ऐकीव हाय म्हणून बसून सांगते. आबांच्या आज्यानं बगितलं ते मला ज्वारीचं पेव वाटतंय. जमिनीखालची कणगीच म्हणा. आत कोंदट हवा साठती, माणूस मरतो. म्हणून आदी कंदील सोडायचा. तो टिकला तर माणूस टिकतो." मग ती उठून उभी राहिली. पाहुण्यांपैकी दोघंतिघंही ताठ झाले. "आमच्या घरात होतं. हे मी बगितलंय. धरणाचं पाणी यायच्या आदी शेवटची ज्वारी काढायची होती. आमच्या पेवाचं तोंड लई बारीक, मोठं माणूस जाईना, म्हणून माझ्या बापानं मला दोर बांधून उतरवलं. मी खालून ओंजळी भरून टोपलीत टाकत होते. वर बगितलं तर ताटाएवढं आभाळ आन् त्यात बापाचं तोंड. सगळी ज्वारी निघाली. आठवड्यानं पाणी आलं."

काकांची टॉर्च दिवसाउजेडी पेटलेली होती, ती त्यांनी बंद केली.

"म्हंजी," आबा म्हणाले, "माझा आज्जा पेवात उतरला व्हता?"

"तसं वाटतंय. खात्री न्हाय."

"आन् मी पन्नास वर्सं भुयार सांगतोय!"

"सांगा की आबा," चाची सायकलचा स्टँड काढत म्हणाली. "बसून सांगा."

आबांनी आपण बसलेलोच आहोत का हे खाली हात लावून तपासलं, तेव्हा राजनंदिनी मॅडम पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

परतल्यावर चार्जिंगच्या खोलीत त्यांनी आनंदकडून तो रंगीत कागद मागून घेतला. "हे कुठून आलं, आनंद?"

"ॲक्च्युअली मॅडम, लोकल सोर्सेस, राइट?"

"कट्ट्यावर बसलेले?"

"...राइट."

मॅडमनी भुयारावर पेनानं रेघ मारली. "इथं पेवाचं लिहू या."

"ते बी नगा लिवू," वायर लावता लावता चाची म्हणाली. "आबांच्या आज्याला इचारायला कोण जाणार?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि ती जागा कोरीच ठेवली. सायकली इथंच राहतील, वर्षभर तरी, असं त्या म्हणाल्या. आनंदला बारामतीला निघण्याआधी चाचीच्या हातचा चहा प्यावा लागला, आणि तो एकदाही 'राइट?' न म्हणता प्यायला. टॉर्चवाल्या काकांनी मोबाईलवर पाचांपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं: गाईड प्रामाणिक. भुयार नाही. चाचीनं ते रमजानचाचांकडून दोनदा वाचून घेतलं.

राहता राहिली अश्लेषा. चाचीच्या शेजारची, अकरावीतली, गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करणारी आणि हे लिहिणारी. शनिवारी टोपी वाळत घालताना चाचीशी तिनं पैज लावली होती, की सायकली वाचवायला चाची उद्या भुयार सांगणार म्हणजे सांगणार. अश्लेषा जिंकली तर तिला निळी सायकल एक आठवडा. हरली तर चाचीची नक्कल महिनाभर बंद, गल्लीत नाही, कॉलेजात नाही, आरशासमोरही नाही. आज एकोणिसावा दिवस. रिक्षावाला परवा पुन्हा चाचीचा 'हाय' चुकीचा काढत होता, आणि अश्लेषाला ओठ आवळून पुढं जावं लागलं.